घरगुती विचार : मास्तरांचा मुशाहिरा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळ चार दिवसांत संपला. पण फराळाच्या वेळी निघालेला एक वाद तुळशीचे लग्न होऊन गेले तरी संपला नाही. त्या वादास कारण आमची पुतणी. ही मुलगी मावळ तालुक्यात टाकवे बुद्रुकच्या पलीकडे, अंदर मावळातील एका वाडीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कागदोपत्री तिचा हुद्दा 'शिक्षक' नसून 'शिक्षणसेवक' असा आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून ही पद्धत पडली आहे. नव्याने लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे आणि मग त्यास पूर्ण वेतनश्रेणी मिळावी, अशी ही योजना. आरंभी प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले. आणि २०२३ साली १६,००० करण्यात आले. तिच्याच शेजारच्या वर्गात, तेच खडू आणि तोच फळा वापरणाऱ्या कायम शिक्षकाचे नुसते मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २९,२०० पासून सुरू होते. वर्ग तेच, घंटा तीच, पाऊसही तोच. अंतर मात्र एवढे.

वाद काढला आमच्या वडीलबंधूंनी. ते एका कारखान्यातून निवृत्त झालेले. हिशेबाचे पक्के आणि मनाचे सरळ. त्यांचे म्हणणे असे की, पगार सर्वांस सारखा देण्यात अर्थ नाही. ज्याची मुले चांगली निघतील त्या मास्तरास वर्षअखेर घसघशीत बक्षीस द्यावे, आणि ज्याची निघणार नाहीत त्यास कोरडा पगार. "आमच्या कारखान्यात बोनस होता म्हणून माणसे कामास लागत," ते म्हणाले. "शाळेतच तेवढे का नसावे? संप करण्यापेक्षा शिकवून दाखवावे आणि पैसे मागावे."

पुतणीने हातातली चकली ताटात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, बक्षीस मलाही हवेच आहे. पण ते कशावर मोजणार, हे आधी ठरवा. आणि ठरवताना मला विचारा." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही दरमहा लिहिता ना? एकदा माझ्या शाळेत येऊन पाहा आणि मग लिहा."

आम्ही गेलो. कान्हे स्टेशनवर उतरून इंद्रायणीचा पूल ओलांडला की टाकवे बुद्रुकचा रस्ता लागतो. अंदर मावळातील वाड्यावस्त्यांचे हे बाजारहाटाचे गाव. एका अंगास कारखान्यांची पत्र्याची छपरे, दुसऱ्या अंगास इंद्रायणी भाताची कापून मोकळी झालेली खाचरे. तेथून पुढे रस्ता आंद्रा नदीच्या खोऱ्यात शिरतो आणि ठोकळवाडीच्या धरणाच्या बाजूने सह्याद्रीच्या कड्याकडे जातो. या दहाबारा कोसांच्या टापूत दोन निराळी जगे नांदतात. टाकव्यात कारखान्यातील नोकरदारांची मुले. त्यांचे आईबाप दोघेही लिहिते-वाचते, संध्याकाळी शिकवणीची सोय. आत वाड्यांवर ठाकर आणि कातकरी मुले. घरात वही ठेवण्यास फडताळ नाही, आणि दिवाळी सरली की पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास निघून जातात.

पुतणीच्या शाळेत त्या दिवशी अकरा मुले होती. पटावर पंधरा. उरलेली चार आदल्या आठवड्यातच आईबापांबरोबर भट्टीवर गेली होती. त्यांतल्या एका मुलीची गोष्ट तिने आम्हांस सांगितली. जूनमध्ये आली तेव्हा त्या पोरीस 'क' आणि 'फ' यांतला भेद कळत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीआधी ती रस्त्यावर उभी राहिली, येणाऱ्या एस. टी.च्या कपाळावरील पाटी तिने अक्षर अक्षर लावून वाचली, आणि बाईंकडे वळून हसली. सहा महिन्यांत एवढे झाले. परंतु वर्षअखेरीच्या चाचणीच्या दिवशी ती मुलगी भट्टीवर असेल, आणि तक्त्यात तिच्या नावापुढे गैरहजेरीची रेघ पडेल. आमची पुतणी म्हणाली, "काका, माझ्या वर्षाच्या कामापैकी सर्वांत चांगले काम हेच, आणि ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. बक्षीस निकालावर ठेवा, की पुढच्या बदलीत मी टाकव्यातली शाळा मागून घेईन. मीच कशाला, जो तो मागेल. मग या वाडीवर कोण येईल?"

वाचकहो, आमच्या मते साऱ्या प्रश्नाची गाठ येथे आहे. वेतनाचे बक्षीस नुसते काम करवून घेत नाही. ते माणसास जागाही दाखवते. जेथे मुले आधीच शिकलेल्या घरची आहेत तेथे बक्षीस सुलभ, आणि जेथे खरी गरज आहे तेथे दुर्लभ, असे झाले तर चांगला शिक्षक डोंगरावरून उतरून बाजारपेठेकडे येणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आमच्या वडीलबंधूंच्या कारखान्यातील बोनसाचीही थोडी शहानिशा करणे अवश्य आहे. १९६५ च्या बोनस कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, जवळजवळ एक महिन्याचा पगार. नफा झाला नाही तरी तो द्यावा लागे. अर्थात, दिवाळीस हाती पडणारी ती रक्कम मुख्यतः कामगाराच्या श्रमाचा मागाहून दिलेला वाटा होती. कोणी किती खिळे ठोकले याचे ते पारितोषिक नव्हते. हे आम्ही बंधूंस सांगितले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तेही खरेच. आणि तो आकडा युनियन आणि मॅनेजमेंट समोरासमोर बसून ठरवीत." या त्यांच्या वाक्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

निकालावर पैसे देण्याची कल्पना नवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाचा नवा कायदेसंग्रह अमलात आला. मुलाच्या हजेरीबद्दल ४ शिलिंग आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेबद्दल ८ शिलिंग, असा दर. एका विषयात मूल नापास झाले की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम व्हायचा तोच झाला. शाळांत तीन विषयांखेरीज बाकी सारे मागे पडले, आणि मुले परीक्षेचे पुस्तक पाठ म्हणू लागली. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः सरकारी शाळातपासनीस होते. त्यांनी आपल्या अहवालांतून या पद्धतीवर सतत टीका केली. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच ती मोडीत निघाली. आमच्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानात ही पद्धत काही काळ होतीच.

आणि याच काळातील एक कागद आमच्यासारख्या घरांनी मुद्दाम वाचावा असा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले. त्यात प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचा विचार आहे. बहुतेक पंतोजींचा पगार दहा रुपयांवर क्वचितच जातो, त्यांची तयारीही बेताचीच असते, असे सांगून त्यांनी मागणी केली की, शिक्षित शिक्षकास किमान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये मिळावेत. त्याच निवेदनात, ज्या खेड्यातील मास्तरांची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतील त्यांस पगाराव्यतिरिक्त काही विशेष रक्कम उत्तेजनार्थ द्यावी, अशीही सूचना आहे. म्हणजे आमच्या वडीलबंधूंची कल्पना जोतीरावांनीही मांडली होती. परंतु क्रम पाहावा. आधी पोटापुरता व प्रतिष्ठेचा पगार; मग त्यावर उत्तेजन. पगार तुटपुंजा ठेवून बक्षिसाची आशा दाखवणे आणि पगार पुरेसा देऊन वर बक्षीस देणे, या दोहोंत फार अंतर आहे.

त्या निवेदनात आमच्या वर्गाविषयीही कठोर बोल आहेत. शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, ते शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत. तेव्हा नांगराची मूठ धरण्यास न लाजणारा शिक्षक नेमावा, असे जोतीरावांचे म्हणणे. ते वाचून रागावणे सोपे आहे. पण आमच्या आजोबांच्या पिढीत किती पंतोजी ठाकरवाडीच्या पायरीवर बसले असतील, हे आपल्याच मनाला विचारले असता राग ओसरतो. आज आमची पुतणी त्या अकरा मुलांच्या मेळ्यात जमिनीवर बसून शेंगांचे हिशेब करते, हे पाहून आम्हांस वाटले की, जुने देणे थोडे तरी फिटत आहे. मात्र ते देणे तिने एकटीने आपल्या पोटास चिमटा घेऊन फेडावे, हे न्यायाचे नव्हे.

बक्षिसाच्या बाजूनेही जे खरे आहे ते सांगितले पाहिजे. आंध्र प्रदेशात २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तीनशे सरकारी ग्रामीण शाळांत प्रयोग केला. शंभर शाळांत शिक्षकास त्याच्या मुलांच्या प्रगतीवर, शंभर शाळांत सर्व शिक्षकांस मिळून, आणि उरलेल्या शंभरांत काहीच बक्षीस नाही. दोन वर्षांनी पाहता बक्षीस असलेल्या शाळांतील मुले गणितात व भाषेत इतरांपेक्षा स्पष्ट पुढे होती. इतकेच नव्हे, ज्या विषयांवर बक्षीस नव्हते त्यांतही मागे पडली नव्हती. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. एक, मोजमाप 'किती उत्तीर्ण' याचे नव्हते, तर 'मूल जेथे होते तेथून किती पुढे आले' याचे होते. दुसरी, पगारास हात लावलेला नव्हता. बक्षीस पगारावर होते, आणि तेही पगाराच्या मानाने लहान. याउलट अमेरिकेत न्यूयॉर्क शहराने २००७ पासून तीन वर्षे शिक्षक संघटनेच्या संमतीने शाळांस बक्षिसे वाटली. पुढे तपासणीत मुलांच्या शिक्षणात काही फरक आढळला नाही, आणि २०११ साली ती योजना बंद झाली. इंडोनेशियात तर शिक्षकांचे वेतन जवळजवळ दुप्पट करूनही मुलांच्या अभ्यासात सुधारणा दिसली नाही. तेव्हा नुसता पैसा वाढवला की शाळा सुधारली, असे म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. पैसा हे पाणी आहे; पण खाचराचा बांध नीट नसेल तर पाणी वाहून जाते.

मग आपल्या राज्यात काय झाले? शिक्षकास बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी, अशी जुनी व्यवस्था आहे. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने तीस नव्या अटी जोडल्या गेल्या. शिक्षकाची शाळा 'प्रगत' असावी, 'शाळासिद्धी'च्या मूल्यमापनात तिला 'अ' श्रेणी असावी, आणि नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांहून अधिक असावा. आता 'शाळासिद्धी'त शाळेच्या खोल्या, पाणी, स्वच्छतागृह, ग्रंथालय यांचाही हिशेब होतो. वाडीवरच्या शाळेस कुंपण नसले तर तो दोष बारा वर्षे तेथे शिकवणाऱ्या बाईंचा कसा? छप्पर दुसऱ्याने बांधायचे आणि गळतीचा दंड तिसऱ्याने भरायचा, असला हा न्याय. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि पुढे त्या अटी काढून टाकण्यात आल्या. अट घालताना ज्यांना विचारले नाही, त्यांचे ऐकून ती काढावी लागली. तेच ऐकणे आरंभी झाले असते तर मधली वर्षे वाया गेली नसती.

येथे बंधूंचे ते वाक्य पुन्हा आठवावे : "समोरासमोर बसून ठरवीत." कारखान्यात करार होतो. तीन-चार वर्षांनी दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसतात, भांडतात, आणि सही करून उठतात. अमेरिकेतील पुष्कळ शहरांत सरकारी शाळांच्या शिक्षकांचाही असा करार होतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार वेतन आयोग सुचवतो, मंत्रिमंडळ ठरवते आणि शासन निर्णय कळवतो. मधल्या काळात संघटनांच्या हाती निवेदन, मोर्चा आणि शेवटी संप, एवढीच साधने उरतात. १४ डिसेंबर १९७७ रोजी सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील त्या संपाची आठवण पुष्कळ घरांत अजून आहे. १४ मार्च २०२३ रोजी जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा संप झाला. त्यात शिक्षकही होते, आणि तो २० मार्चला मिटला. दिवस दहावी-बारावीच्या परीक्षांचे होते. घरोघर पालक चिंतेत पडले आणि मास्तरांस बोल लावू लागले. त्यांची चिंता खोटी नव्हती. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माणसाच्या म्हातारपणाचा प्रश्न सतरा वर्षे कागदावर पडून होता, आणि संप सुरू होताच समिती नेमली गेली, हेही तितकेच खरे. ज्या घरात हाक मारून कोणी ऐकत नाही, तेथे भांडे आपटावे लागते. मग भांडे आपटणाऱ्याचाच सर्वांस राग येतो.

कोणी म्हणेल, शिक्षकांसाठी विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ आहे की! आहे खरा. परंतु राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे तेथे मताचा अधिकार माध्यमिक व त्यावरील संस्थांत शिकवणाऱ्यांस आहे. वाडीवर मुळाक्षरे शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकास त्या मतदारसंघात मतच नाही. ज्याच्या हाती पोर पहिले अक्षर गिरवते, त्याचेच बोट मोजणीत धरलेले नाही. हे आम्ही सांगितले तेव्हा आमच्या घरातील चार पदवीधरांपैकी कोणासही ते ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेखकासही ते पुतणीनेच सांगितले होते.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास याचा अर्थ निराळा समजावून देण्याचे कारण नाही. आमच्या आजोबांच्या वेळी पाडव्यास सारे कर्ते पुरुष एकत्र बसत आणि वर्षाचा खर्च ठरे. स्त्रिया माजघरात. कोठीची चावी जिच्या कमरेला, तिला मात्र किती तांदूळ लागतो हे कोणी विचारीत नसे. वर्षअखेर धान्य कमी पडले की ठपका तिच्यावर. पुढे आमच्या आईने एका पाडव्यास सरळ बैठकीत येऊन बसण्याचे धाडस केले. त्या दिवशी घरात मोठी कुजबूज झाली. परंतु त्या वर्षापासून भाद्रपदात उसने आणण्याची पाळी आली नाही. चावी जिच्या हाती तिला बैठकीत जागा हवी, एवढी साधी ही गोष्ट. शाळेची कोठी शिक्षकाच्या हाती आहे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मुशाहिरा पुरता असावा आणि ठरल्या तारखेस हाती पडावा. पुतणीस ज्या कार्यालयातून मानधन मिळते, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. परंतु दोनदोन महिने खोलीचे भाडे बापाकडून मागताना तिला काय वाटले असेल, हे आमचे बंधू जाणतात. बक्षीस द्यायचे तर पगाराच्या वर द्यावे, मुलाच्या चालीवर द्यावे, आणि वाडीवर जाणाऱ्यास अधिक द्यावे, म्हणजे ते माणसास डोंगरावरून खाली न ओढता वर नेईल. आणि हे सारे ठरवताना शिक्षकांच्या प्रतिनिधींस नियमाने, संपाची वाट न पाहता, बैठकीस बोलवावे. संघटनांनीही त्या बैठकीत केवळ वेतनाचा कागद न आणता मुलांच्या शिकण्याचा कागद शेजारी ठेवावा. मग कोणाही पालकास त्यांस बोल लावता येणार नाही.

आपण गृहस्थांनी काय करावे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे; तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. आपली मुले त्या शाळेत जात नसली, तरी आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंची, शेत करणाऱ्या कुळाची जातात. त्यांना विचारावे : बाईंचा पगार झाला का? शाळेचे छप्पर गळते का? गुरुपौर्णिमेस हार घालण्यापेक्षा हा प्रश्न गुरूस अधिक उपयोगी पडेल.

निघताना बंधूही आमच्याबरोबर होते. वाद तोंडाने संपवण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावा, म्हणून तेही आले होते. शाळा सुटली तेव्हा अकरा मुले रस्त्यापर्यंत पोचवायला आली. कान्ह्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना बंधू बराच वेळ गप्प होते. मग एकाएकी म्हणाले, "ती भट्टीवर गेलेली पोर. तिला परत आल्यावर पुस्तक कोणते द्यावे, विचार जरा आपल्या मुलीला. आणि तिचे बक्षीस कशावर मोजायचे, तेही तिलाच विचार."

आम्ही विचारले आहे. तिचे उत्तर आले की पुढील महिन्यात कळवू.